घराचा आराखडा कोणाचा? : भूकंपोत्तर लातूर-नांदेड परिसरातील ‘आधुनिक’ गृहरचनेची चिकित्सा

प्रस्तावना :

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतील गृहरचनेचा विचार ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख वगळून करता येत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपी गेलेल्या गावांवर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप कोसळला. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंप मारत नाही, घर मारते, असे त्यानंतर वारंवार म्हटले गेले. हे विधान खरे आहे. परंतु समाजमनाने त्यातून जो अर्थ घेतला तो तपासून पाहण्याजोगा आहे. दगड-माती म्हणजे मृत्यू आणि सिमेंटचा स्लॅब म्हणजे सुरक्षितता, असे सरळ समीकरण रूढ झाले. भूकंपाची झळ थेट न बसलेल्या नांदेडसारख्या जिल्ह्यातही ते निःशंकपणे स्वीकारले गेले.

प्रस्तुत लेखात या समीकरणाची आणि त्यावर उभ्या राहिलेल्या ‘आधुनिक घर’ या कल्पनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. घरात राहणाऱ्यांची गरज, त्या जागेचे ऊन-पाणी आणि तेथील जमिनीचा स्वभाव यांतून जिचा आराखडा ठरतो ती रचना आधुनिक, अशी व्याख्या मान्य केली, तर गेल्या तीस वर्षांत आपल्याकडे नवी घरे पुष्कळ बांधली गेली. आधुनिक घरे मात्र फारच थोडी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

माळवदाचे घर आणि त्याचा नेमका दोष :

या भागातील जुने घर खणांत मोजले जाई. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचे यावर त्याचा विस्तार ठरे आणि कुटुंब वाढले की खण वाढवता येत असत. सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी किलच आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना असे. बाहेरून दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती. वैशाखात या घरात दुपारी निवांत झोप लागते, हा ज्यांना अनुभव आहे त्यांना मातीच्या थराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दोष होता तो भिंतीच्या बांधणीत. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये लहान दगड व माती, अशा या भिंतीत दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. कोपरे एकमेकांत गुंतवलेले नसत. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पसरण्याच्या रिवाजामुळे वरचे ओझे वर्षानुवर्षे वाढत जाई. धक्का बसताच भिंतीचे दोन थर फाकले आणि दगड घराच्या आत व गल्लीत कोसळले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पडझडीच्या पाहणीत अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा असल्याचे आढळले. म्हणजे त्या घराचा सर्वांत आधुनिक म्हणता येईल असा भाग त्याच्या पोटातच होता. १९९३ सालच्याच भारतीय मानकांमध्ये दगडी बांधकामासाठी आरपार दगड, कोपऱ्यांची जोडणी आणि भिंतींना सभोवार बांधून घेणारा आडवा पट्टा हे उपाय सांगितले आहेत. ते खर्चिक नाहीत आणि गावातील गवंड्याला न जमणारे तर मुळीच नाहीत. परंतु १९८४ च्या मानकानुसार हा सारा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. ज्या संकटाची शक्यताच गृहीत धरलेली नाही, त्याविषयी गवंड्याला कोण शिकवणार? २००२ मध्ये मानक बदलले, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

जुन्या घराचे गुण सांगताना वाड्याविषयीच्या भावुकतेपासून सावध राहिले पाहिजे. चौक, ओसरी, माजघर, परस हे वैभव जमीनधारकांचे होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पांढऱ्या मातीचे माळवद परवडत नव्हते. माजघरातला थंडावा आणि माजघरातला अंधार या एकाच रचनेच्या दोन बाजू होत्या. थंडावा सर्वांनी उपभोगला, चुलीच्या धुरासह अंधार स्त्रियांच्या वाट्याला आला. भूकंपात जड दगडी घरांपेक्षा गवती आणि कुडाच्या हलक्या झोपड्यांनी कमी माणसे मारली, हा त्या पहाटेचा क्रूर विरोधाभास होय. म्हणून ‘परत वाड्याकडे’ अशी घोषणा प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. प्रश्न एवढाच, की दोष बांधणीत असताना शिक्षा साहित्याला का झाली?

पुनर्वसनातील घर :

या प्रश्नाचे उत्तर पुनर्वसनाच्या आराखड्यात सापडते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचा आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४०० आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. घरात माणसे किती, जनावरे किती, सुताराला किंवा कुंभाराला कामासाठी जागा किती लागते, हे निकष नव्हते. जुन्या गावातील विषमता भूकंपाने काही क्षण जमीनदोस्त केली होती. आराखड्याने ती चौरस फुटांत पुन्हा उभी केली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, एकसारख्या रांगा, एकमेकांपासून दूर गेलेली घरे, असे हे गाव शहरी वसाहतीचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून आखलेले होते. गल्लीतली सावली आणि दारात बसून होणारा शेजार त्या आखणीत बसत नव्हता. पुढील काळात लोकांनी पत्र्याची शेड, कुंपणाच्या भिंती, चुलीचा आडोसा यांची भर घालून ही घरे आपल्या सोयीची करून घेतली. घराची खरी रचना ताबा मिळाल्यानंतर सुरू झाली, असे म्हणावे लागेल.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला. कमी हानी झालेल्या गावांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व बळकटीकरण घरमालकांच्याच हाती सोपवण्यात आले. अनुदान हप्त्याने मिळे, काम मालक करवून घेई आणि अभियंता तांत्रिक सल्ला देई. गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून या कामात आणण्याचे श्रेय स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे जाते. घराच्या आराखड्याविषयी, सिमेंटच्या पोत्याविषयी आणि भिंतीच्या पट्ट्याविषयी स्त्रिया सरकारी अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या, ही घटना मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. तरीही पुष्कळांनी जुने घर बळकट करण्याऐवजी त्याच्या शेजारी वीट-सिमेंटची एक खोली उभारली. भीती इतकी खोल होती. तिला दोष देता येत नाही. तिचा नंतर ज्यांनी व्यापार केला त्यांना देता येतो.

आजचे घर : एलेव्हेशन आणि आतला माणूस :

या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी सहाव्या अथवा सातव्या वेतन आयोगानंतर लातूर किंवा नांदेडात भूखंड घेऊन घर बांधले असेल, निदान तसा संकल्प केला असेल. त्यामुळे पुढील विवेचन काहीसे घरचेच आहे. तीस बाय चाळीसचा भूखंड, तळमजल्यावर मोटारीसाठी मोकळी जागा, समोर काच आणि चमकदार पत्र्यांची सजावट, आणि गुत्तेदाराने संगणकावर दाखवलेले रंगीत चित्र. हे चित्र पुण्याच्या घराचे असते. पुण्याने ते आणखी कुठून तरी घेतलेले असते. ज्याला हौसेने ‘आपल्या मनासारखे घर’ म्हटले जाते त्यात मालकाची निवड बहुधा फरशीच्या रंगापुरती उरते. खोल्यांच्या जागा वास्तुशास्त्राच्या नावाखाली अगोदरच ठरलेल्या असतात. पश्चिमेची भिंत तापते की नाही, हे विचारणे मात्र राहून जाते.

उन्हाचाच मुद्दा घेऊ. नांदेडात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नित्याचे आहे. चार-पाच इंचांचा काँक्रीट स्लॅब दिवसभर उष्णता शोषतो आणि रात्री ती खालच्या खोलीत सोडतो. त्यावर चुन्याचा पांढरा लेप किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, पश्चिमेस जिना किंवा भांडारघर, खिडकीवर पुरेसा छज्जा, मध्यभागी उष्ण हवा वर निघून जाईल अशी उंच मोकळी जागा, एवढ्या साध्या उपायांनी फरक पडतो. चौकाचे हेच तत्त्व होते. फक्त तीस बाय चाळीसमध्ये चौक मावत नसेल तर जिन्याची विहीर ते काम करू शकते. त्याऐवजी आपण पश्चिमेला काच लावतो आणि मग वातानुकूलन यंत्र घेतो.

पाण्याची कथा अधिक गंभीर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले शहर म्हणजे लातूर. हजार चौरस फुटांचे छत आणि वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे ५० हजार लिटर पाणी त्या छतावरून मिळू शकते, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. २०२० च्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने पर्जन्यजल संकलन ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना सक्तीचे केले. तीस बाय चाळीसचा भूखंड जेमतेम १११ चौरस मीटरचा असतो. म्हणजे आपल्या शहरांतील बहुसंख्य घरे या सक्तीच्या बाहेर आहेत आणि ज्या गोष्टीची सक्ती नाही ती आराखड्यात येत नाही. पायाखालची टाकी बांधकामाच्या वेळीच घ्यावी लागते. घर झाल्यावर तिचा विचार करून उपयोग नसतो.

आणि सुरक्षितता, जिच्यासाठी आपण दगड सोडला? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या कित्येक इमारती काँक्रीटच्याच होत्या. तळमजला खांबांवर मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही त्यांच्यापैकी अनेकींची रचना होती. तीच आज आपल्या गल्लीत मोटारीच्या सोयीसाठी चालते. खांबातील उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांची टोके काँक्रीटच्या गाभ्यात १३५ अंशांत वळवलेली असावीत, असे मानक सांगते. प्रत्यक्षात काटकोनात वळवून काम भागवले जाते, कारण ते लवकर होते आणि नंतर कोणाला दिसत नाही. ‘लातूर पॅटर्न’मुळे विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देण्याची सोय झाली, तशी एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर दुसरा आणि तिसरा मजला चढू लागला. आता नांदेडातही तेच होत आहे. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले व ते नांदेडातही जाणवले. दोन्ही वेळी लोक स्लॅबच्या घरांतूनच रस्त्यावर धावत आले होते.

पर्यायी उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचा समावेश २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी नूतनीकरण अभियानात झाला. तेथे अनेक झोपडपट्ट्या हलवून इमारती उभारण्याऐवजी त्याच जागी, ज्याच्या त्याच्या भूखंडावर स्वतंत्र घरे बांधण्याचा मार्ग स्वीकारला गेला. घरे लहान होती, कामे रेंगाळली, हे खरे. परंतु प्रत्येक भूखंडाच्या वेड्यावाकड्या आकाराशी आराखड्याला जुळवून घ्यावे लागले आणि शेजार मोडला नाही. नवी मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सामाईक अंगणांभोवती वाढवता येण्याजोगी घरे रचली. पुढे तेथील अनेक रहिवाशांनी मूळ घर पाडून वर मजले चढवले. काहींना हे कोरियांचे अपयश वाटते. वाढण्याची मुभा आराखड्यातच होती, हे ध्यानात घेतल्यास तो आक्षेप पुरेसा टिकत नाही. आपला खण हेच करीत होता.

घरमालक आणि गुत्तेदार यांच्यातील करार आपल्याकडे प्रति चौरस फूट दराने होतो. त्यात सिमेंटची कंपनी, फरशीचा भाव, नळाचा दर्जा लिहिलेला असतो. रिंगांमधील अंतर, पायावर पुढे किती मजले पेलतील, पावसाचे पाणी कोठे जाईल आणि पश्चिमेच्या भिंतीचे काय करायचे, या चार ओळी त्या कागदावर सहसा नसतात. त्या लिहून घेण्यासाठी वास्तुविशारद किंवा संरचना अभियंत्याला द्यावे लागणारे शुल्क समोरच्या काचेच्या खर्चाहून बहुधा कमीच भरते.