चौथऱ्यावरचं बेअरिंग

पोलादाचं साडेआठ इंच व्यासाचं कडं, त्याच्या पोटात दुसरं कडं आणि दोहोंच्या मध्ये छर्ऱ्यांच्या दोन रांगा. पुण्यातल्या दुकानात या जातीचं बेअरिंग नंबराने मागतात. '१२०५' म्हटलं की पंचवीस मिलिमीटर भोकाचं त्याचं धाकटं भावंड काउंटरवर येतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मात्र ते स्वेन विंगक्विस्ट या नावाने आणि १९०७ या सालाने ओळखलं जातं.

तिथे ते पोचलं १९३४च्या 'मशीन आर्ट' प्रदर्शनामुळे. क्युरेटर फिलिप जॉन्सनने स्प्रिंगा, प्रॉपेलर, स्वयंपाकाची भांडी, प्रयोगशाळेतली काचपात्रं एरवी शिल्पं मांडावीत तशी मांडली. प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा, वर नेमका प्रकाश. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर हेच बेअरिंग होतं आणि आत रेषा-वर्तुळांच्या निखळ सौंदर्याविषयीचं प्लेटोचं वचन. वैमानिक अमेलिया इअरहार्ट परीक्षकांमध्ये होती. एवढा सरंजाम भोवती असल्यावर हे यंत्र कशाचं, असं विचारायचं कुणाला सुचणार? नजर थेट आकारावर जाते.

आणि आकार त्या नजरेला पुरून उरतो. वर्तुळात वर्तुळ, पण एकसुरी नाही. एका रांगेतले छर्रे दुसऱ्या रांगेतल्या फटींसमोर येतात, त्यामुळे डोळा एका जागी ठरत नाही. वस्तू निश्चल असूनही फिरते आहेसं वाटतं. चौथऱ्याचे हे उपकार मी मनापासून मानते. ग्रीसने माखलेल्या, शाफ्टवर ठोकून बसवलेल्या बेअरिंगमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

पण बाहेरच्या कड्याची आतली बाजू पाहा. छर्ऱ्यांच्या दोन रांगांसाठी तिथे दोन खाचा असतील असं वाटतं. त्याऐवजी एकच सलग, गोलाच्या आतल्या पृष्ठभागासारखा वळलेला खोलगटपणा आहे. कारण स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये आहे. विंगक्विस्ट तिथल्या कापडगिरणीत यंत्रांची देखभाल करायचा. गिरणीखालची चिकणमाती खचायची, लांबलचक शाफ्ट सरळ रेषेतून ढळायचे आणि बेअरिंगं फुटायची. जमीन त्याच्या हातात नव्हती. म्हणून त्याने असं बेअरिंग रचलं, की शाफ्ट किंचित कलला तर आतलं कडं छर्ऱ्यांसकट त्याच्याबरोबर कलावं आणि फिरणं अडू नये. माझ्या मते या वस्तूतली खरी प्रतिभा त्या एका वळणात आहे: वाकडेपणा दुरुस्त न करता त्याला सामावून घेण्यात. काचेआडच्या, कुणी हात न लावलेल्या बेअरिंगमध्ये नेमकं हेच घडत नाही. प्लेटोच्या परिपूर्ण वर्तुळाशी त्याचं नातं जोडताना, अपूर्ण जगाशी त्याने केलेला समेट नजरेआड होतो.

विंगक्विस्टच्या शोधावर उभ्या राहिलेल्या एसकेएफ कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. गिरणी-कारखान्यांतले अनुभवी फिटर चालत्या यंत्राला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि आवाजावरून 'बेअरिंग गेलंय' किंवा 'ठीक आहे' ते सांगतात. घरघर, खरखर, सलग गुंजन यांतला फरक ओळखणारा तो कानही रसिकाचाच आहे, असं मी म्हणेन. त्याला जे कळतं ते चौथऱ्यापुढे उभं राहून कळणार नाही, आणि चौथऱ्यापुढे जे दिसतं ते त्याच्यासाठी ग्रीसखाली झाकलेलं असतं. म्युझियमने त्या बेअरिंगशेजारी दुसरं एक ठेवावं, कलत्या शाफ्टवर बसवलेलं, आणि पाहणाऱ्याला ते हाताने फिरवू द्यावं.