आतून लागणारं झाकण

ठाण्यात कोपरीहून पूल ओलांडून तीन हात नाक्यापलीकडे गेलं की वागळे इस्टेट लागते. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची ही पहिली औद्योगिक वसाहत. हॉकिन्स कुकरचा कारखाना इथलाच. कंपनी त्याआधीची, १९५९ची. कोपरीतल्या कितीतरी ओट्यांवर हा कुकर रोज शिट्ट्या देतो आणि त्याच्या झाकणाकडे कुणी बघत नाही.

हे झाकण भांड्यावर बसत नाही, भांड्यात शिरतं. नीट पाहिलं तर तोंड पूर्ण गोल नसून किंचित लांबट आहे, झाकणही तसंच. म्हणून ते तिरकं करून आत सोडता येतं. सरळ करून वर ओढलं की काठाला आतून टेकतं. मग दांडी मुठीला अडकवायची. नव्या सुनेला (आता जावयालाही) पहिल्या दिवशी हे जमत नाही, हे कबूल. पण तेवढी खटपट मी या झाकणाला माफ करतो.

कारण पुढचं काम वाफ करते. शिट्टीचं वजन दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब धरून ठेवतं, पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तूरडाळ लवकर शिजते, गॅस वाचतो. १८ सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर हा रेटा अडीचशे किलोंचा होतो! बाहेरून बसणारं झाकण तो उडवू पाहतो, म्हणून तिथे खाचा-कंगोऱ्यांची पकड लागते. इथे तोच रेटा झाकण काठावर आवळतो. वाफ कोंडलेली असताना कुणी घाईने उघडायला गेलं, तर ते उघडतच नाही. धोक्यालाच पहाऱ्यावर बसवण्याची ही युक्ती मला फार देखणी वाटते, भांडं दिसायला कितीही साधं असो.

झिजणारं सगळं मात्र सुटं ठेवलंय: रबरी रिंग, शिट्टी, काळी मूठ. दुरुस्तीच्या दुकानात कुकर किती लिटरचा ते सांगितलं की रिंग मिळते. भांडं भंगारात जात नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह तर मुद्दाम कच्चा ठेवलेला भाग. पाणी आटून भांडं फार तापलं की त्यातला मिश्रधातू वितळतो आणि वाफ निघून जाते. डाळ करपते. व्हॉल्व्ह नवा घ्यावा लागतो, कुकर तोच राहतो.