अरंगेत्रमनंतर काय?

एजवेअर, हॅरो, केंटन या आपल्या भागात भरतनाट्यम शिकणाऱ्या मराठी मुलींची वाण नाही. आठ-दहा वर्षे शनिवार-रविवारचे क्लास, परीक्षा, मग हॉल, वादक, निमंत्रणपत्रिका आणि दोन-अडीच तासांचे देखणे अरंगेत्रम. भारतातले आजी-आजोबा व्हिडिओ पाहून डोळे पुसतात. आणि त्यानंतर? बहुतेक घरांत घुंगरू कपाटात जातात. अभ्यास वाढला, हे कारण आपण देतो. मला वाटते, खरे कारण वेगळे आहे. गुरूंनी बसवून दिलेले संपल्यावर स्वतःचे काही शोधायला, त्यात चुकायला त्या मुलीजवळ जागा नसते आणि ते पाहायला प्रेक्षकही नसतो.

या दोन्ही गोष्टी देण्याचा एक प्रयत्न आपल्याला घरबसल्या पाहता येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात जेकब्ज पिलो नावाचे नृत्यकेंद्र आहे. टेड शॉन या नर्तकाने १९३० च्या दशकात एका जुन्या शेतावर ते उभे केले. १९६२ साली बालासरस्वती तिथे नाचल्या होत्या. या केंद्राने २०१७ मध्ये ‘पिलो लॅब’ ही रेसिडेन्सी सुरू केली. नृत्यरचनाकाराने आपल्या चमूसह तिथे राहायचे, स्टुडिओ वापरायचा, मानधन घ्यायचे आणि नव्या कामाचा शोध घ्यायचा. पुढे करोनाच्या काळात थिएटरे बंद झाली. त्यात नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राचे डोरिस ड्यूक थिएटर आगीत भस्मसात झाले. त्या जागी नवे उभे राहायला जुलै २०२५ उजाडले. त्या कठीण काळात रेसिडेन्सीत घडणाऱ्या कामाच्या छोट्या फिल्म्स ‘इनसाइड द पिलो लॅब’ या नावाने इंटरनेटवर आल्या.

या फिल्म्सचे मोठे गुण म्हणजे त्या तालीम दाखवतात. नर्तक काय शोधतो आहे हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. आपल्या मुलींनी आजवर नाच पाहिला तो दागिन्यांसह, पूर्ण झालेला. सराईत कलावंतालाही अजून वाट सापडायची आहे, हे पाहणे त्यांच्यासाठी मोठे शिक्षण आहे.

पण तक्रारही आहे. या फिल्म्स फार गुळगुळीत आहेत. संकलनाची कात्री अशी सफाईने चालते की अर्धवट कामही पूर्ण झाल्यासारखे भासते. प्रयोगाचा खडबडीतपणा, फसलेली दुपार, गुंता न सुटल्याची चिडचिड हे सारे काही मिनिटांत मावत नाही. कलावंताची ओळख होते. कामाशी झटापट होत नाही.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा. आपल्या नृत्यातला अभिनय मुळात जवळून पाहण्याचा आहे, त्यामुळे भुवईची हालचाल पडद्यावर कधीकधी हॉलपेक्षाही छान दिसते. मात्र पायाचा ठोका जमिनीतून आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मंचावरचा नाच नुसता टिपून भागत नाही, कॅमेऱ्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. सत्यजित राय यांनी १९७६ च्या ‘बाला’ या माहितीपटात बालासरस्वतींना समुद्रकिनाऱ्यावर नाचायला लावले. वारा त्यांच्या साडीशी झोंबतो आणि त्या मात्र कृष्णाला बोलावण्यात गढलेल्या असतात. तो वारा कुठल्याही सभागृहात मिळाला नसता. ऑनलाइन नृत्याला मी हीच कसोटी लावते: पडद्याने नाचाला काही दिले, की फक्त त्याची नक्कल केली?

‘प्रयोग’ म्हटले की परंपरा बुडाली, असे आपल्यापैकी काहींना वाटते. त्यांना तंजावरची आठवण करून द्यावीशी वाटते. तिथल्या मराठी राजांच्या दरबारात भरतनाट्यमसाठी मराठीत रचना झाल्या. सरफोजीराजांची मराठी निरूपणे गुरू पार्वतीकुमार यांनी अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ‘नृत्यगंगा’मधून हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम उभे केले. आज हे सारे आपल्याला परंपराच वाटते. त्या-त्या वेळी तो प्रयोगच होता. दरबाराने जे दिले, म्हणजे वेळ आणि निर्वाह, तेच आज रेसिडेन्सी देते.

पण एक गोष्ट कोणतीही संस्था एकटी देऊ शकत नाही, ती म्हणजे प्रेक्षक. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ची प्रायोगिक नाटके होऊ लागली. तिथे झगमगाट नव्हता. होता तो न आवडलेल्या नाटकावरही तावातावाने बोलणारा प्रेक्षक. पुढच्या प्रयोगाला तो पुन्हा यायचा. इंटरनेटवर प्रेक्षक हजारोंनी मिळतो, पण बोटाच्या एका टिचकीसरशी निघूनही जातो. ऑनलाइन रेसिडेन्सीची खरी उणीव हीच आहे आणि ती भरून काढणे आपल्या हातात आहे.

म्हणून दोन सूचना. या फिल्म्स मुलींना एकट्या पाहू देऊ नका. चार कुटुंबांनी एकत्र बसून पाहाव्यात आणि नंतर चहा घेत मनमोकळे बोलावे. ‘कळले नाही’ हेही बोलणेच आहे. आणि एजवेअरहून नॉर्दर्न लाइनने थेट यूस्टनला जावे. तिथून चालत काही मिनिटांवर ‘द प्लेस’ हे नृत्यकेंद्र आहे. तिथेही ‘कोरिओड्रोम’ नावाची संशोधन-रेसिडेन्सी चालते.

आपल्या मंडळाकडेही एक मागणी आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटे अपुऱ्या, चालू कामासाठी राखून ठेवा. अरंगेत्रम झालेल्या एखाद्या मुलीने स्वतः शोधलेले काही तिथे करून दाखवावे, अडखळले तरी चालेल. टाळ्या कमी पडल्या तरी हरकत नाही, नंतर तिला दोन प्रश्न जरूर विचारा. कपाटातले घुंगरू बाहेर काढायला तिला तेवढे निमित्त पुरेल.