गेलेल्याच्या जागी गाणारा

मोठा गायक गेल्यानंतर त्याचीच गाणी दुसरा कुणी गायला उभा राहिला की सभागृहात एक विचित्र शांतता पसरते. पहिली ओळ संपेपर्यंत कुणी मान डोलवत नाही. जो तो मनातल्या मनात जुना आवाज आणि नवा आवाज शेजारी शेजारी मांडून उत्तरपत्रिका तपासावी तसा गुण देत असतो. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या मैफलीत हा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे. या लेखात मात्र त्यासाठी मी साता समुद्रांपलीकडचे उदाहरण घेणार आहे, आणि ते वाटते तितके परके नाही, हेही दाखवणार आहे.

उदाहरण आहे इंग्लंडमधल्या ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाचे. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी. आमच्या सिल्वासाहून वापीला जावे, लोकल गाडी पकडावी. बगवाडा, उदवाडा, पारडी, अतुल ही स्टेशने मागे टाकली की वलसाड लागते. इंग्रजी अमदानीत या गावाला बुलसर म्हणत. फ्रेडीचे घराणे पारशी आणि आडनाव बुलसारा, म्हणजे याच गावावरून आलेले. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारमध्ये जन्मलेल्या फरोख बुलसाराला आईवडिलांनी लहानपणीच शिकायला धाडले ते आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तिथेच चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा आयुष्यातला पहिला वाद्यवृंद काढला. त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फरोख पियानोवर बसे. ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत परदेशी गायकांची गाजलेली गाणी वाजवीत. पुढे ज्याच्या आवाजाला तोड नाही असे जगाने म्हटले, त्याने सुरुवात दुसऱ्यांच्या गाण्यांवरच केली होती. शाळेची स्नेहसंमेलने बसवण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली असल्याने मला या गोष्टीचे फारसे नवल वाटत नाही.

१९७० साली लंडनमध्ये ‘क्वीन’ची स्थापना झाली. ब्रायन मे गिटारवर, रॉजर टेलर ड्रमवर, पुढच्या वर्षी बास गिटार घेऊन जॉन डीकन आला, आणि गायनाला फ्रेडी. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात या चौघांनी जेमतेम वीस-बावीस मिनिटांत सारे मैदान जिंकले. तो नुसते सूर फेकायचा आणि हजारोंचा समुदाय ते झेलून परत करायचा. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने फ्रेडीचा मृत्यू झाला. आजाराची जाहीर कबुली त्याने आदल्याच दिवशी दिली होती. वय अवघे पंचेचाळीस.

प्रश्न इथून सुरू होतो. वाद्यवृंद उरला, गाणी उरली, श्रोतेही उरले, गाणारा गेला. १९९७ नंतर जॉन डीकनने निवृत्ती पत्करली. मे आणि टेलर यांनी २००५ च्या सुमारास पॉल रॉजर्स या नामवंत गायकाला सोबत घेऊन दौरे केले. रॉजर्सने फ्रेडीची नक्कल केली नाही. त्याचा बाज ब्लूजचा, मर्दानी, रांगडा. २००८ मध्ये या मंडळींनी नव्या गाण्यांचा एक आल्बमही काढला. २००९ मध्ये ती सोबत संपली.

त्याच २००९ मध्ये अमेरिकेतल्या ‘अमेरिकन आयडॉल’ या दूरदर्शन स्पर्धेत अ‍ॅडम लॅम्बर्ट नावाचा तरुण उपविजेता ठरला. निवड चाचणीत त्याने ‘क्वीन’चेच गाणे म्हटले होते आणि अंतिम सोहळ्यात मे व टेलर त्याच्यासोबत वाजवायला आले. फ्रेडी गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. ३० जून २०१२ रोजी युक्रेनची राजधानी कीव्ह येथील चौकात, एड्सविरोधी कार्यासाठी झालेल्या खुल्या कार्यक्रमात, त्याने ‘क्वीन’बरोबरची पहिली पूर्ण मैफल गायिली. तेव्हापासून एक तपाहून अधिक काळ तो त्यांच्यासोबत गात आला आहे.

चाहत्यांत अर्थातच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे, की फ्रेडीवाचून ‘क्वीन’ हे नाव लावणेच गैर. हा स्पर्धेतून आलेला पोरगा आहे, बाकी सारा पैशांचा खेळ. दुसरा तट म्हणतो, गाणी जिवंत मंचावर ऐकायला मिळतात हे काय थोडे? दोन्ही तट ज्या त्वेषाने भांडतात तो पाहिला की आपल्याकडच्या घराण्यांच्या भांडणांची आठवण होते. परंतु त्या मैफलींची चित्रणे नीट पाहिली तर मला तिथे एक तिसरीच गोष्ट घडताना दिसते. ती सांगायला आपल्या जुन्या काव्यशास्त्राइतका चांगला वाटाड्या नाही.

एम.ए.ला ज्यांनी साहित्यशास्त्राचा पेपर दिला असेल त्यांना श्रीशंकुक आठवेल. रंगभूमीवर रामाचे काम करणाऱ्या नटाकडे पाहताना प्रेक्षकाला नेमके काय वाटते, असा प्रश्न त्याने उभा केला. ‘हाच खरा राम’ असे ते ज्ञान नसते. ‘हा राम नव्हेच’ असेही नसते. ‘राम असेल किंवा नसेल’ असा संशय नसतो आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी तुलनाही नसते. चित्रातला घोडा पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो, तशी ही चारांहून वेगळी प्रतीती. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. पुढे अभिनवगुप्ताने शंकुकाच्या अनुकरणवादावर आक्षेप घेतले, तो भाग वेगळा. पण प्रेक्षकाच्या मनाची ही नोंद आजही खरी आहे.

लॅम्बर्टपुढचा श्रोता नेमका याच अवस्थेत असतो. समोरचा फ्रेडी नाही हे त्याला पक्के ठाऊक असते आणि तरी तो ‘क्वीन’ ऐकत असतो. या अवस्थेला मदत होते ती मंचावरच्या प्रामाणिकपणाची. जाहिरातीत ‘क्वीन’ आणि ‘अ‍ॅडम लॅम्बर्ट’ ही दोन नावे वेगळी छापतात आणि मध्ये बेरजेचे चिन्ह टाकतात. लॅम्बर्ट स्वतः मैफलीत श्रोत्यांना सांगतो, की फ्रेडी एकच होता, मीही तुमच्यासारखाच त्याचा चाहता आहे. आणि ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ या गाण्याच्या वेळी तो मंचावरून चक्क बाजूला होतो. पिकल्या केसांचा ब्रायन मे एकटा गिटार घेऊन बसतो, श्रोते गातात आणि शेवटी मागच्या पडद्यावर फ्रेडी येऊन गाणे पुरे करतो. त्या वेळी लोकांच्या डोळ्यांत पाणी असते. पुढच्या गाण्याला लॅम्बर्ट परत येतो आणि तेच लोक त्याला टाळ्यांनी घेतात. गेलेल्याची जागा रिकामी ठेवली, म्हणून येणाऱ्याला शेजारी उभे राहायला जागा मिळाली, असे मला वाटते.

या नात्याची सर्वांत कठीण परीक्षा १६ फेब्रुवारी २०२० रोजी सिडनीत झाली. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या आपद्ग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात या मंडळींनी १९८५ च्या ‘लाइव्ह एड’मधलीच गाणी त्याच क्रमाने सादर केली. तुलना टाळायला आता कुठे आडोसाच नव्हता. सुरांची फेकाफेक करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती लॅम्बर्टकडून करवली नाही. पडद्यावर फ्रेडी आला आणि सिडनीच्या समुदायाने गेलेल्या माणसाला उत्तर दिले. त्यात अनेक तरुण चेहरे असे, की फ्रेडी गेला तेव्हा ते जन्मलेही नव्हते.

आता गायनाविषयी. लॅम्बर्टचा आवाज दमदार आहे, वरच्या पट्टीत तो लीलया जातो, आणि ‘हू वॉन्ट्स टु लिव्ह फॉरएव्हर’सारख्या संथ गाण्यात त्याचा खरा कस दिसतो. दोष सांगायचा तर त्याला कुठे थांबावे हे नेहमी कळत नाही. जिथे फ्रेडी एका सरळ सुरावर वाक्य सोडून देई तिथे हा दोन हरकती जास्त घेतो. तानेचा मोह आपल्या नाट्यगीत गायकांना होतो तसाच. फ्रेडीच्या गाण्यात वेदनेच्या मागोमाग जो मिश्कीलपणा येई, तो याच्याकडे बराचसा वेशभूषेत जातो. झालरींची जाकिटे, हातात पंखा, कोचावर लोळत गाणे. काहींना हा नखरा खटकतो. पण बालगंधर्वांच्या शालूंवर आणि मुरक्यांवर जीव टाकणाऱ्यांचे आपण वारस. केवळ नखऱ्यासाठी कुणाला नापास करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. आणि फ्रेडीला जे आयुष्यभर झाकून ठेवावे लागले, ते स्वतःचे समलिंगी असणे लॅम्बर्ट उघडपणे सांगून गातो, तेव्हा त्याच गाण्यांचा अर्थ थोडा मोकळा झालेला ऐकू येतो.

इथवर सारे गोड आहे. माझा आक्षेप पुढे आहे, आणि तो गायकापेक्षा श्रोत्यांवर अधिक आहे. इतक्या वर्षांच्या सोबतीत ‘क्वीन’ आणि लॅम्बर्ट यांचा नव्या गाण्यांचा एकही आल्बम आलेला नाही. २०२० च्या महामारीत त्यांनी निधीसाठी एक ध्वनिमुद्रण केले, तेही जुनेच गाणे, एक शब्द बदलून. उलट पॉल रॉजर्सने नवी गाणी केली आणि आज ती चाहत्यांच्या ओठांवर नाहीत. ती गाणी थोर होती असे मी म्हणत नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चाहत्यांच्या प्रेमातली न बोललेली अट दिसते. तू आमच्या आठवणींना आवाज दे, आम्ही तुला डोक्यावर घेऊ. तुझे स्वतःचे काही असेल तर ते दुसरीकडे गा. गेलेल्यावरच्या प्रेमाने जिवंत माणसाला असे बांधून घालावे, हे फ्रेडीच्या स्वभावाशी सुसंगत नाही. तो दर आल्बमला रूप बदलणारा कलावंत होता.

आता आपल्या घराकडे वळू. सिल्वासात सुधीर फडके हे नाव उच्चारताना फक्त गाणे आठवत नाही. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सोडवणाऱ्यांत ते होते, आणि त्या लढ्याच्या निधीसाठी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकर गायल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. छप्पन्न गीते, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. आज कुणी ती गायला बसला की ‘बाबूजींची सर नाही’ हा शेरा ठरलेला. शेरा मारणारे विसरतात, की आकाशवाणीवर ती गीते एकट्या बाबूजींनी गायिली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर असे अनेक आवाज त्यात होते. सगळी गीते एकट्याने मंचावर सादर करण्याचा बाबूजींचा पायंडा नंतरचा. म्हणजे जन्मतःच ही गाणी अनेकांच्या गळ्यांतली होती. २००२ मध्ये बाबूजी गेले. श्रीधर फडके ती गातात तेव्हा वडिलांच्या आवाजाशी झुंज घेत नाहीत, शब्दाला जपतात. तसेच ‘कट्यार काळजात घुसली’चे. १९६७ मध्ये वसंतरावांनी अजरामर केलेला खाँसाहेब २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी उभा केला, आणि ज्या नाटकाचा विषयच विद्या कुणाची हा आहे, त्याला नवा प्रेक्षक मिळाला.

हे उत्तम झाले. पण आमच्या या टापूतल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. गीतरामायण, नाट्यगीते, भावगीते. प्रेक्षक भरपूर, डोळे पाणावलेले. आणि नव्या कवीच्या, नव्या चालीच्या गाण्याला मध्यंतरानंतरची पाच मिनिटे, तीही लोक चहाला उठलेले असताना. आमची मुले शेजाऱ्यांशी गुजराती बोलतात, बाजारात हिंदी, वर्गात इंग्रजी. मधल्या सुट्टीत बाकावर दोन ठोके आणि एक टाळी असा ‘क्वीन’चा ठेका धरतात, तो कुणाचा हे त्यांतल्या अर्ध्याअधिकांना ठाऊकही नसते. मराठी त्यांना भेटते ती आजोबांच्या आठवणींची भाषा म्हणून. ज्या भाषेत फक्त गेलेल्यांचीच गाणी ऐकायला मिळतात, तिच्यात स्वतःचे काही गावे असे पंधरा वर्षांच्या मुलाला का वाटावे?

तुलना करू नका, असे मी सांगणार नाही. तुलना केल्याशिवाय रसिकता घडत नाही. पण गुण देताना प्रश्न बदलावा. हा गेलेल्यासारखा गातो का, हे विचारून झाले असेल तर याचे स्वतःचे काही गाणे आहे का, तेही विचारावे. आणि असेल तर ते खुर्चीवर बसून पुरते ऐकावे. येत्या कोजागरीला किंवा पाडवा पहाटेला मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढेच करून पाहावे. बाबूजींच्या दहा गीतांमध्ये, पाचव्या-सहाव्या क्रमांकावर, गावातल्याच एखाद्या मुलीने यंदा बांधलेली चाल ठेवावी. चहा त्यानंतर द्यावा.