हरिविजय : छंद, यमक व पुनरावृत्ती

हरिविजय : माहाराष्ट्री प्राकृतातील एक लुप्त महाकाव्य. कर्ता वाकाटक राजा सर्वसेन (चौथे शतक). वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम ही त्याच्या शाखेची राजधानी. सत्यभामेसाठी कृष्णाने केलेले पारिजातहरण हा काव्यविषय. आनंदवर्धन, कुंतक, भोज व हेमचंद्र यांच्या ग्रंथांतील उल्लेख आणि उद्धृत पद्ये यांवरूनच ते मुख्यत्वे ज्ञात आहे.

काव्याचा मुख्य छंद स्कंधक. त्याच्या प्रत्येक अर्धात चार मात्रांचे आठ गण, म्हणजे ३२ मात्रा असतात. यमकाचे बंधन नसते. दोन्ही अर्धे समान असल्याने लय संथ व भारदस्त होते. याखेरीज काव्यात गलितके होती. गलितकात चरणान्ती यमक आवश्यक असते. मात्र हे यमक मराठी कवितेतील नव्हे. ओवीला अंत्य अक्षरांचे साम्य पुरते. येथे तोच अक्षरसमूह भिन्न अर्थाने पुन्हा यावा लागतो. माहाराष्ट्रीत स्वरमध्य व्यंजने बहुधा लोप पावत असल्याने हे सुकर होते : गज, गत व गद या तिन्ही शब्दांचे ‘गअ’ असे एकच रूप होते. संस्कृत कवीला जे प्रयासाने साधावे लागे, ते प्राकृत कवीला भाषाच पुरवी. क्लिष्टतेचा धोकाही अर्थात तेथेच होता.

ही गलितके स्वतःला विदग्ध समजणाऱ्या कोणीतरी मागाहून घातली, असे जाणकारांचे मत हेमचंद्राने (बारावे शतक) नोंदविले आहे. प्रवरसेनाच्या सेतुबंधासही त्याने ते लावले. हे मत जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. शृंगारात, विशेषतः विप्रलंभात, यमकरचना हा कवीचा प्रमाद होय, असे आनंदवर्धनाने ठरविले होते आणि त्यानेच हरिविजयाची रसानुकूल कथायोजनेसाठी प्रशंसाही केली होती. मान्य कवीला दोषमुक्त करण्याचा प्रक्षेप हा सोयीचा मार्ग असावा. उद्धृत पद्ये रसालंकारांच्या उदाहरणांसाठी निवडलेली असल्याने छंदांच्या मूळ प्रमाणाविषयी ती निर्णायक ठरत नाहीत.

पुनरावृत्तीचा एक प्रकार मात्र हेमचंद्राच्याच साक्षीने सर्वसेनाचा आहे. आश्वासाच्या समाप्तीस तो ‘उत्साह’ या शब्दाचा अंक योजी. सेतुबंधात त्या स्थानी ‘अनुराग’ येतो. अभंगातील नाममुद्रेप्रमाणे त्यात कवीचे नाव नसून अभिप्राय असतो. उत्साह हा वीररसाचा स्थायिभाव. प्रियेच्या अनुनयाच्या कथेत सर्वसेनाने तो निवडावा, हे लक्षणीय आहे.