‘प्रतिकारसंस्थेचे वार्धक्य’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञेत वस्तूच्या नावाबरोबर तिच्या कारणाविषयीचा निर्णयही पुष्कळदा दडलेला असतो. ‘प्रतिकारसंस्थेचे वार्धक्य’ ही संज्ञा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

छातीतील थायमस ग्रंथी वयपरत्वे आक्रसते व नव्या टी-पेशींची निर्मिती मंदावते, हे निर्विवाद होय. तथापि वृद्धांच्या रक्तात आढळणारे सर्वच बदल वयाच्या खात्यावर मांडता येत नाहीत. स्वीडनमध्ये १९८९ साली आरंभिलेल्या ‘ऑक्टो’ व १९९९ च्या ‘नोना’ या पाहण्यांत अतिवृद्धांमधील सीडी-४ व सीडी-८ पेशींचे उलटे झालेले प्रमाण मृत्यूच्या वाढत्या संभवाशी निगडित आढळले. त्याच गटाचा सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गाशीही संबंध दिसून आला. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की आजन्म तेथेच राहतो. २००५ मधील एका अभ्यासानुसार संसर्गित प्रौढांच्या रक्तातील स्मृतिधारक टी-पेशींपैकी सरासरी सुमारे १० टक्के पेशी या एकट्या विषाणूला वाहिलेल्या असतात.

या पेशींच्या वाढत्या संचयाला ‘स्मृतिस्फीती’ म्हणतात. हे रूपकही फसवे आहे. चलनस्फीतीत नाण्याचे मोल घटते; या पेशी मात्र आपले कार्य बऱ्याच अंशी टिकवून असतात. अन्य काही चिवट संसर्गांत निष्प्रभ होणाऱ्या ‘श्रांत’ पेशींहून त्या भिन्न होत. ‘वृद्ध’, ‘श्रांत’ व ‘स्फीत’ ही विशेषणे एकमेकांच्या जागी योजल्यास तीन निराळ्या प्रक्रियांचा संकर होतो.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१० जुळ्या व्यक्तींच्या अभ्यासात या प्रश्नावर मार्मिक प्रकाश पडला. एकरूप जुळ्यांपैकी एकालाच हा संसर्ग झालेला असता, तपासलेल्या घटकांपैकी निम्म्याहून अधिक घटकांवर त्याचा परिणाम आढळला. अशा जोडीत वय तेच, आनुवंशिक वारसाही तोच, भेद संसर्गाचा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात संसर्गित तरुणांनी इन्फ्लुएंझाच्या लसीला अधिक जोमदार प्रतिसाद दिल्याचे दिसले. तेव्हा संसर्गाचा प्रत्येक ठसा ऱ्हासाचाच मानणे युक्त नव्हे.

अर्थात सारा दोष विषाणूच्या माथी मारणेही तितकेच एकांगी ठरेल. स्वीडिश पाहण्यांनी साहचर्य दाखविले; साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. परंतु वयाचे व संसर्गाचे कार्य वेगळ्या शब्दांनी निर्दिष्ट करणे अगत्याचे आहे. जे वयाचे म्हटले जाते ते अटळ म्हणून स्वीकारले जाते. जे संसर्गाचे म्हटले जाते त्यावर उपाय शोधला जातो. संज्ञेतील शैथिल्याची किंमत अखेर रुग्णाला मोजावी लागते.