पेत्राची पंक्ती : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील परिवर्तनाचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती काव्याची चर्चा बहुधा फादर टॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'पासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. त्यातही वारंवार उद्धृत होतो तो मराठी भाषेच्या स्तुतीचा प्रसिद्ध भाग. एका इंग्रज जेझुइटाने मराठीची थोरवी गाइली ह्याचा आनंद इतका मोठा, की पुढच्या सुमारे अकरा हजार ओव्या वाचण्याची गरज पुष्कळांना वाटेनाशी होते. भाषेच्या अभिमानापायी काव्य बाजूस पडावे, ह्यासारखा विपर्यास नाही. ख्रिस्ती भक्तीचा गाभा भाषेत नसून माणसाच्या अंतःकरणाच्या पालटात आहे, आणि तो पालट मराठीत कोणत्या रूपाने उतरला, हा ह्या वाङ्मयाविषयीचा खरा प्रश्न होय.

ह्या प्रश्नाच्या दृष्टीने बायबलमधील पेत्रासारखी दुसरी व्यक्ती नाही. त्याचे परिवर्तन एका क्षणात उरकत नाही. अटकेच्या रात्री तो आपल्या गुरूची ओळख तीनदा नाकारतो. कोंबडा आरवतो आणि, लूकच्या कथनानुसार, प्रभू वळून त्याच्याकडे पाहतो. बोलत मात्र काहीच नाही. पेत्र बाहेर जाऊन रडतो. सामान्य भक्तिकथा येथे थांबली असती. पण 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथात तोच पेत्र यापो येथे गच्चीवर प्रार्थना करीत असता आकाशातून चादरीसारखे काही उतरताना पाहतो. तीत शुद्ध-अशुद्ध सर्व प्रकारचे प्राणी आहेत. मारून खा, अशी आज्ञा होते. विटाळलेले आपण कधीच खाल्लेले नाही, असे तो निक्षून सांगतो. देवाने शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नये, हे त्याला तीनदा सांगावे लागते. मग तो कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो आणि विदेश्यांच्या घरात पाऊल टाकतो. येथेही कथा संपत नाही. अंत्युखियात तो विदेशी ख्रिस्त्यांबरोबर जेवीत असे. पण यरुशलेमेकडून काही मंडळी येताच भीतीने तो त्या पंक्तीतून उठला. बर्णबासारखा माणूसही त्याच्यामागे गेला, आणि पौलाला त्यांचा सर्वांदेखत निषेध करावा लागला. हे पौल स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो. पेत्राने काय उत्तर दिले, ते मात्र त्या पत्रात नाही.

मराठी वाचकाला ह्या प्रसंगाचे भाष्य लागत नाही. सोवळे-ओवळे, विटाळ, पंक्तिभेद हे शब्द त्याच्या घरातले आहेत. पेत्राचा दोष पंक्तिभेदाचा आहे, आणि तो घडतो दृष्टान्त झाल्यानंतर, ज्ञान पटल्यानंतर. अंगी मुरलेले सोवळे ज्ञानाने एकदम सुटत नाही, हे बायबल आपल्या पहिल्या प्रेषिताच्या चरित्रातूनच दाखविते.

स्टीफन्सपुढे जी काव्यपरंपरा होती तिला परिवर्तन अपरिचित होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकनाथी भागवत १५७३ साली काशीत पूर्ण झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १५७९ मध्ये, स्टीफन्स गोव्यास पोचला. भागवतातील पिंगला एका रात्रीच्या प्रतीक्षेत आणि निराशेत बदलते, आणि तो बदल बाहेरून लादलेला नसून मनातून उगवलेला आहे. अजामिळाची गोष्ट निराळी. तेथे मुलाला मारलेली हाकच नामस्मरण ठरते. तथापि दोन्ही कथांत उद्धार हा कथेचा शेवट असतो. उद्धरलेली पिंगला पुन्हा माडीच्या दारात येऊन उभी राहिली काय, हा प्रश्न पुराणाला पडत नाही.

स्टीफन्सने हे पुराणरूप डोळसपणे उचलले. १६१६ मध्ये प्रथम छापलेल्या ह्या ग्रंथाला देवनागरी खिळ्यांअभावी रोमन लिपीचा आश्रय घ्यावा लागला. पण ओवी, वैकुंठासारखे शब्द, गुरू आणि श्रोते ही चौकट सर्वस्वी येथली आहे. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. जुनी पुराणे वाचण्यास बंदी झाली, तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास काही द्यावे, अशी मागणी एक नवदीक्षित ब्राह्मण करतो आणि ग्रंथ आरंभतो. ही मागणी हे मराठी वाङ्मयातील एक हृदयद्रावक स्थळ आहे, आणि स्टीफन्सने ते लपविले नाही ह्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन त्यांचाही घात करण्यात आला. ज्या श्रोत्यांसमोर हे पुराण वाचले जाई, त्यांच्यापैकी किती जणांचा पालट अंतःकरणातला होता आणि किती जणांचा भयातला, हे ओवीवरून ओळखता येत नाही. अंत्युखियात पेत्र भयाने पंक्तीतून उठला; साष्टीत भयाने पंक्तीला बसलेलेही असतील.

काव्य म्हणून ह्या पुराणाची मर्यादा येथेच उमगते. श्रोता शंका विचारतो, गुरू निरसन करतो, श्रोता तृप्त होतो. शंका बुद्धीची आहे, इच्छेची नाही. कळले पण वळले नाही, ही अवस्था ह्या चौकटीत बसत नाही. त्यातच, ख्रिस्तचरित्र हा विषय असल्याने यापो आणि अंत्युखिया येथला पेत्र मुख्य कथेत येत नाही. प्रत्यक्ष पेत्रावर पुराण रचले ते फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्र्वा ह्याने. ते १६२९ मध्ये गोव्यात छापले गेले. पण त्या ग्रंथाचा जोर हिंदू देवतांच्या खंडनावर आहे. प्रेषिताचे चरित्र हाती घेऊन परधर्माचा झगडा मांडला की त्या चरित्रातला स्वतःशी चाललेला झगडा साहजिकच मागे पडतो. इकडे गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद धर्मांतरानंतरही टिकून राहिले. पंक्तीचा प्रश्न म्हणजे तेथे केवळ पोथीतला प्रश्न नव्हता.

स्टीफन्सनंतर सुमारे तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी पुन्हा ओवीकडे धाव घेतली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. उलट घरदार आणि गोत दुरावले. त्यांच्या अभंगांत तुकारामाची आर्तता ख्रिस्ताकडे वळली आहे, आणि आत्मनिवेदनाच्या कवितेत त्यांच्याइतका समर्थ ख्रिस्ती कवी मराठीत झाला नाही. 'ख्रिस्तायन' मात्र १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते पूर्णतेस नेले लक्ष्मीबाईंनी, आणि हीच गोष्ट टीकाकाराला विचारात पाडते. कारण ह्याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, आणि पेत्राच्या परिवर्तनाला मराठीत खरा जोड सापडतो तो त्या गद्यात.

लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेले. वडिलांच्या त्या वेडाची वर्णने त्या हसत हसत करतात, पण त्या हसण्यात घरच्या बायकांचे कष्ट लपत नाहीत. पतीने धर्म सोडल्यावर त्यांनी लगेच धर्म सोडला नाही. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी वेगळेच होते. ते हळूहळू सुटत गेले : आधी विचार पालटला, मग हात, हात काही काळ मागेच रेंगाळत राहिला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या विधीत सांगण्याजोगे नाट्य फारसे उरले नव्हते, कारण नाट्य चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी आधीच घडून गेले होते. स्वतःच्या हट्टाची थट्टा करण्याचे बळ त्यांच्यापाशी असल्यामुळे हा प्रवास उपदेशाचा होत नाही.

'ख्रिस्तायना'च्या ओव्यांत लक्ष्मीबाईंची निष्ठा आहे, परिश्रम आहेत. पण तेथे त्या पतीने आखलेल्या वाटेवर, पुराणकाराच्या पावलांनी चालतात. ओवी त्यांना कथा पुढे नेण्यास सांगते आणि त्या नेतात. 'स्मृतिचित्रां'त त्यांना कथा पुढे नेण्याची घाई नाही. उद्या पुन्हा जुनी शिवाशिव मनात डोकावेल, ह्याची शक्यता त्या खुली ठेवतात. १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ख्रिस्ती वाङ्मय म्हणून क्वचितच वाचले जाते. स्त्रीचे आत्मचरित्र म्हणून, विनोदी गद्य म्हणून त्याचा गौरव होतो. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत 'क्रिस्तपुराण' प्राचीन वाङ्मयाच्या खणात आणि 'स्मृतिचित्रे' अर्वाचीन गद्याच्या खणात पडते, आणि दोन्ही ग्रंथ एका पंक्तीला बसविण्याचा प्रसंग सहसा येत नाही.